आमच्या घरचा किलो

आमच्या घरात एक किलो आहे. कशाचा, असं नवीन माणूस हमखास विचारतो. कशाचाच नाही, नुसता किलो. पितळेचा, डोक्यावर बोंड असलेला, लाकडी पेटीत हिरव्या मखमलीवर बसलेला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, वजनकाटे दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा त्यांच्या उस्तादांनी ती पेटी त्यांच्या हातात ठेवली आणि एवढंच सांगितलं, की हा रोज सकाळी पुसायचा. त्याला एकेचाळीस वर्षं झाली.

मामंजींनी तो रोज पुसला. दुकानाचं शटर वर गेलं की चहाच्याही आधी. मलमलीचं फडकं, त्यावर चिमूटभर खडूची पूड, आणि बोंडापासून खाली गोल गोल, न्हाऊ घातलेल्या बाळाला पुसावं तसं. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत. माझ्या लग्नाला नवऱ्या मुलाचे वडीलच पाऊण तास उशिरा आले होते. माझ्या आईने कारण विचारलं तर म्हणाले, "किलो पुसायचा राहिला होता." आईने माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी तो किलो माझ्या हातात दिला. "सूनबाई, डोळे मिट. हे हातात साठवून ठेव." मी साठवलं. तेव्हापासून भाजीवाल्या बायका मला जरा बिचकून असतात. पुढे बघून बघून मीही काटे लावायला, म्हणजे अचूक करायला, शिकले. कोणी शिकवलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव फिरतो, तेव्हा दुकानात मामंजी आणि मी, असं बावीस वर्षं चाललंय. किलोला मात्र त्यानंतर मी हात लावला नाही. माझ्याकडे फक्त फडकं. दर शनिवारी ते धुवायचं. काळंकुट्ट निघायचं, कडेला हिरवट झाक, आणि पाणी असं गढूळ की मी दर शनिवारी मोरीत पुटपुटायची, "एवढा चकचकीत किलो, आणि एवढा मळ येतो कुठून कोण जाणे."

बाजारातले दुकानदार सरकारी तपासणीच्या आधी काटे आमच्याकडे आणतात. मामंजी काट्यावर आमचा किलो ठेवतात आणि काटा बरोबर एक किलो दाखवेपर्यंत त्याची समजूत काढतात. आमच्याकडून गेलेला काटा तपासणीत अडत नाही, अशी ख्याती. दुकानावर पाटीही तशीच: 'येथे वजनकाटे अचूक करून मिळतील'. त्यातला 'अचूक' लाल रंगात.

गेल्या महिन्यात मात्र चहापत्तीच्या व्यापाऱ्याचा काटा तपासणीतून परत आला. सोबत चिठ्ठी, की किलोमागे एक ग्रॅम जास्त दाखवतो. व्यापारी भला माणूस, मामंजींचा जुना दोस्त. त्याने चिठ्ठी गल्ल्यावर अशी ठेवली की जणू त्याचीच चूक असावी.

"काय असतं दादा, हल्ली त्यांच्याकडे नवी यंत्रं आली आहेत," तो म्हणाला.

"यंत्रं नवी आहेत, डोकी तीच आहेत," मामंजी म्हणाले. "त्यांना म्हणावं आधी तुमचं वजन तपासून या."

"मी कशाला म्हणू. मला त्यांच्याकडूनच शिक्का घ्यायचाय."

"जास्त दाखवतो म्हणजे कळतंय ना तुला? गिऱ्हाइकाला किलोत एक ग्रॅम कमी जातो. म्हणजे मी एकेचाळीस वर्षं बाजाराला चोरी शिकवली." मग ते जे बोलले ते बोलायला नको होतं. "माझा किलो खोटा निघाला तर ही पाटी मी माझ्या हाताने उतरवीन."

व्यापारी गेला, पण ते वाक्य दुकानातच राहिलं. मामंजींचं जेवण अर्ध्यावर आलं. दुपारी मी मागे काही काम करत असले की ते पेटी उघडायचे, किलो हातात घ्यायचे आणि डोळे मिटून बसायचे. शहात्तर वर्षांचा माणूस आपल्याच तळहाताची साक्ष काढत होता. मला ते बघवेना. मी बेबीला फोन केला.

बेबी म्हणजे माझी नणंद. वय सत्तेचाळीस, शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मुलं तिला चळाचळा कापतात, पण घरात बेबीच. तिला यंत्रांचा फार शौक. तिच्याकडे फरशी पुसणारी एक चकती आहे, जी रोज सोफ्याखाली अडकते आणि मदतीला हाका मारते. दिवा आहे, त्याला तोंडाने सांगावं लागतं. मनगटावर घड्याळ आहे, ते तिला सकाळी सांगतं की तुझी झोप नीट झाली नाही. मामंजी म्हणतात, झोप झाली नाही हे कळायला मला अजून तरी घड्याळ लागत नाही.

रविवारी बेबी एक खोका घेऊन दुकानात हजर.

"बाबा, वजनकाटा आणलाय. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो."

"केवढ्याला?"

"सवलतीत मिळाला."

"सवलतीत केवढ्याला?"

बेबीने सांगितलं. मामंजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढ्यात मी हे दुकान घेतलं होतं. गाळा, शटर आणि वर दोन खुर्च्या."

"तेव्हा दुकान तेवढ्याला होतं, बाबा. आता तेवढ्याला काटा आहे. माझ्या फोनपेक्षा तरी स्वस्त."

"फोनचं सांगूच नकोस. दोन वर्षांत म्हातारा होणाऱ्या वस्तूला लोक एवढा हुंडा कसा देतात, मला कळत नाही."

"तुम्ही बघा तर खरं."

काटा ताटलीएवढा, पातळ, वर काचेची छोटी पेटी, वारा लागू नये म्हणून. बेबीने काचेचं दार लोटलं तसं आत सगळं शांत झालं. तिने माझ्याकडून तांदळाचा एक दाणा मागून घेतला आणि चिमट्याने आत ठेवला. आकडे हलले. ०.०२.

मामंजी पुढे वाकले. माझ्याही नकळत मी वाकले. आयुष्य काट्यांत गेलं, पण एका दाण्याचं वजन आम्ही दोघांनी कधी बघितलं नव्हतं. एक दाणा म्हणजे आमच्या हिशोबी काहीच नाही. त्या काहीच नाहीला आकडा होता.

"आता गंमत बघा," बेबी म्हणाली. तिने मामंजींच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला, नुकताच आणलेला, वाफाळता. काचेची पेटी काढून कप काट्यावर ठेवला. आकडे स्थिरावतील म्हणून आम्ही थांबलो. ते स्थिरावेनात. शेवटचा आकडा एक-एक करत खाली उतरत होता. २१४.३७. २१४.३६. २१४.३५.

"बिघडलाय," मामंजी म्हणाले.

"बिघडला नाही, बाबा. वाफ जातेय. चहा उडून चाललाय, ते त्याला कळतंय."

मामंजी कपावरची वाफ बघायचे, मग आकडा, मग परत वाफ. दुकानात एक बाई मोडका काटा घेऊन आल्या होत्या, त्याही येऊन उभ्या राहिल्या. कोणाला हात हलवायचा धीर होईना. इतकी वर्षं आपल्या नाकासमोरून रोज काहीतरी वजनदार निघून जात होतं, आणि आपण त्याला नुसता वास म्हणत होतो. त्या बाई शेवटी हळूच म्हणाल्या, "मग माझ्याकडे रोज किती उडून जात असेल, मी तर चहा विसरतेच," आणि सगळे हसलो. मामंजी हसले नाहीत. त्यांचा चहा पार निवला, तरी त्यांनी तो उचलू दिला नाही.

मग ते उठले आणि पेटी घेऊन आले. मी ओळखलं. बेबीनेही ओळखलं, तिचा चेहरा बदलला. काटा आणताना तिने पुढचा विचार केला नव्हता. यंत्रवेड्या माणसांचं असंच असतं.

"बाबा, राहू द्या. आज नको."

"दार उघड."

त्यांनी किलो आपल्या हाताने आत ठेवला. आकडे धावले आणि थांबले.

९९९.११

 रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"काटाच चुकत असेल," बेबी घाईने म्हणाली. "मी परत पाठवते, सात दिवसांत घेतात."

"त्याच्याबरोबर त्याचं वजन आलं असेल ना?"

आलं होतं. एक किलोचं, आरशासारखं चकचकीत पोलादी, प्लास्टिकच्या डबीत. तिने ते ठेवलं. १०००.००. मामंजींनी दोन्ही वजनं उचलून आपल्या जुन्या तागडीत समोरासमोर टाकली, कारण त्यांचा विश्वास तागडीवर. तागडीचा काटा थरथरला आणि पोलादाकडे कलला. अगदी जरासा, नखभर.

"दोघं वेगळे आहेत एवढंच कळलं," मामंजी म्हणाले.  "खोटा कोण, हे कुठे कळलं? तिसरा साक्षीदार पाहिजे."

तेव्हा मला पेटीचा खालचा कप्पा आठवला. वरच्या मखमलीखाली एक सरकती फळी आहे आणि तिच्याखाली किलोची भावंडं: अर्धा किलो, दोनशेची दोन, शंभराचं एक. एकाच भट्टीतली, एकाच दिवशी ओतलेली. उस्तादांनी दिली तशी तेलाच्या कागदात गुंडाळलेली. काटा लावायला मोठा किलोच लागायचा, म्हणून त्यांच्या वाटेला कधी कोणी गेलंच नाही. मी फळी सरकवली.

"ती कशाला काढतेस? पुसलेलीसुद्धा नाहीत."

"असू देत, मामंजी."

कागद उलगडले. चारही वजनं काळपट, मरगळलेली, लग्नात मागच्या रांगेत बसवलेल्या नातेवाइकांसारखी. बेबीने चिमट्याला हात घातला, पण त्याला ती पेलणार कशी, म्हणून मी रुमालात धरून एकेक आत ठेवलं. शेवटचं ठेवलं, दार लोटलं.

१०००.०१

"पाटी उतरव," मामंजी म्हणाले.

पण माझं लक्ष पाटीकडे नव्हतं. माझी नजर खिळली होती ती खुंटीवर. तिथे आठवड्याचं फडकं टांगलेलं होतं, कालच धुतलेलं, तरी आजच मळायला लागलेलं, कडेला ती हिरवट झाक. मी ते खुंटीवरून काढलं.

"मामंजी," मी म्हटलं, "मी शनिवारी हे फडकं धुते ना."

"मग?"

"ते काळं पाणी. मी त्याला मळ समजत होते. पेटीतून काढायचा, पुसायचा, परत पेटीत. त्याला मळ लागेलच कुठून?" माझा आवाज मलाच परका वाटत होता. "तो किलोच होता, मामंजी. बावीस वर्षं दर शनिवारी मी आपला किलो मोरीत सोडत होते."

बेबीने खडूच्या पुडीची डबी उचलली, बोटांत चोळून बघितली आणि अगदी हळू म्हणाली, "वहिनी बरोबर बोलतेय. खडू घासतो. फार थोडं. पण एकेचाळीस वर्षं..." आणि तिने डबीचं झाकण लावून ती बाजूला सारली.

मामंजी खुर्चीत बसले. किलो मांडीवर घेतला. बोंडाच्या कडा, मी इतक्या जवळून प्रथमच बघत होते, भावंडांच्या कडांसारख्या धारदार नव्हत्या. ओहोळातल्या गोट्यासारख्या मऊ झाल्या होत्या. पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त पितळ. कोणी चोरलं नव्हतं, कोणी पाडलं नव्हतं. एका माणसाच्या मायेने ते नेलं होतं, आणि त्याचा आकडा एका ताटलीएवढ्या डब्याने अर्ध्या मिनिटात सांगितला होता. मला त्या डब्याची भीती वाटली आणि त्याच वेळी त्याला नमस्कार करावासा वाटला.

"उस्ताद म्हणाले होते, पुसायचा," मामंजी म्हणाले. "कशाने पुसायचा, ते विचारायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल आणलं. मी स्टूल धरलं, कारण न धरता काय करणार. पाटी उतरली. भिंतीवर तिच्या जागी एक फिकट, कोरा चौकोन राहिला. तो पाटीपेक्षाही ठळक दिसत होता. मग त्यांनी एका पिशवीत किलो घेतला, दुसऱ्या पिशवीत बेबीचा काटा, आणि म्हणाले, "चल. तुला ते डब्याचं बटण कळतं."

चहापत्तीवाला व्यापारी दुकानात फोनशी भांडत होता. "हा बघा," त्याने आम्हालाच सांगितलं, "पूर्ण चार्ज केला आणि दुपारपर्यंत मेला. दीड वर्ष झालंय फक्त. दुकानवाला म्हणतो नवा घ्या, दुरुस्ती परवडणार नाही. जगात दुरुस्ती नावाची गोष्ट आता तुमच्याकडेच उरली, दादा."

"माझा किलो खोटा होता," मामंजी म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पाटी उतरवून आलोय."

मी काटा मांडला. व्यापाऱ्याने आकडा बघितला, आणि मग मी त्याला फडक्याचं सांगितलं. तो उठला, हात पंच्याला पुसले, आणि किलो दोन्ही हातांत घेतला. बोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"रोज?"

"रोज."

"एकही दिवस चुकला नाही?"

"एकदा चुकला. हर्नियाच्या वेळी, दोन दिवस. आल्यावर तीनदा पुसला."

व्यापारी हसला नाही. त्याने दुकानभर बघितलं: मेलेला फोन, दोन वर्षांत दोनदा बदललेला पंखा, काउंटरवर बिल छापणारं यंत्र, जे नेमकं गर्दीत रुसतं. "माझ्याकडे एकही वस्तू नाही," तो म्हणाला, "जी माझ्या हाताने झिजली आहे. सगळ्या आपल्याआपण मरतात."

"गिऱ्हाइकाला कमी गेलं," मामंजी हट्टाने म्हणाले.

"गेलं. किलोत पाऊण ग्रॅम. दादा, मी पुडी बांधतो तेव्हा त्याच्या दुप्पट काउंटरवर सांडतं. आजपासून चिमूटभर वर घालीन, बस?" मग तो थांबला. "पण काटा मला लावून पाहिजे. शुक्रवारी परत तपासणी आहे. आता तुमच्याकडे किलो नाही म्हणता, तर मी जाऊ कोणाकडे?"

मामंजींनी किलो परत पिशवीत ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणून मीच बोलले. "किलो आहे. चार तुकड्यांत आहे. दुपारी काटा पाठवून द्या."

मामंजींची मान वळली. बावीस वर्षांत मी त्यांच्या आधी गिऱ्हाइकाला शब्द दिला नव्हता. मी म्हटलं आता ओरडा बसणार. ते नुसतं म्हणाले, "रुमालात धरून ठेवायची. हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"आणि पुसायची नाहीत."

दुपारी काटा आला. चार काळपट वजनं मी रुमालातून त्याच्यावर ठेवली, काटा नीट लावला, आणि मामंजी शेजारी उभे राहून काहीही न बोलता बघत राहिले, जे त्यांना फार जड गेलं असणार. शुक्रवारी काटा तपासणीतून पास होऊन आला. व्यापारी स्वतः सांगायला आला, येताना स्टूल घेऊन. त्याने पाटी लावली, जरा वाकडी. मामंजींनी ती सरळ करायला लावली, तीनदा.

शनिवारी सकाळी मी शटर वर केलं, तर मामंजी माझ्या आधीच आत जाण्यासाठी दारात उभे. व्यापाऱ्याकडून आल्यापासून किलो पेटीतच होता. सवयीने खुंटीवरचं फडकं काढलं, सवयीने किलो हातात घेतला, आणि मधेच थांबले. त्यांचे हात तसेच हवेत. त्या हातांना दिवसाचं पहिलं काम उरलं नव्हतं.

"मामंजी, एक करून बघू या?" मी म्हटलं.

मी बेबीचा काटा चालू केला. त्यांनी किलो ठेवला. ९९९.११. मग मी म्हटलं, "आता पुसा. रोजच्यासारखा." त्यांनी पुसला. चिमूटभर खडू, बोंडापासून खाली, गोल गोल, पूर्ण, काही न राखता. फडक्याच्या स्वच्छ बाजूवर एक काळी रेघ उमटली, डोळ्यांना दिसेल अशी. खडूचा कण राहू नये म्हणून मी किलोवर फुंकर मारली, आणि त्यांनी तो परत आत ठेवला. आम्ही दोघं वाकलो. बाहेर दुधाची गाडी आली होती, तिला मी थांबायला सांगितलं.

९९९.११

मामंजींनी फडक्यावरची रेघ बघितली. मग आकडा. मग परत रेघ.

"गेलंय तर," ते म्हणाले. "हे काय, दिसतंय. पण याला कळलं नाही."

"एका दिवसाचं त्यालाही कळत नाही, मामंजी."

ते तसेच वाकून होते. काचेवर त्यांच्या श्वासाचा धुरकट गोल आला आणि विरला. मग त्यांनी फडक्याची घडी केली, काळी रेघ आत घेऊन, आणि ती माझ्याकडे दिली नाही. किलोच्या पेटीत, मखमलीवर ठेवली. तिच्यावर किलो ठेवला आणि झाकण लावलं.

"आज धुवायला काही नाही तुला," ते म्हणाले. "चहा टाक. गरम गरम आण, आणि आधी या डब्यावर ठेव. मला जाताना बघायचाय."